एका मिनिटाला एक डिग्री

३ फेब्रुवारी, सोमवार

आले! एकदाची आले! ही डायरी आईने माझ्या नकळत स्वेटरच्या घडीत घालून दिली होती. आत चिठ्ठी: तुला इंग्लिश मीडियमला घातलं ही आमची चूक, आता निदान रोज चार ओळी मराठीत लिही, वेलांट्या चुकल्या तरी कोणी मार्क कापणार नाही. तर आई, या तुझ्या चार ओळी. रोजचं प्रॉमिस नाही करत.

पीएचडी झाल्यावर आठ महिने घरी बसून होते. जगभर अर्ज केले. अर्ध्यांनी उत्तर दिलं नाही, उरलेल्यांनी छान भाषेत नाही म्हटलं. इथल्या लॅबच्या मॅडमचं उत्तर मात्र एका दिवसात आलं. आणि ही काही साधीसुधी लॅब नाही! माणसाच्या पेशी शरीराबाहेर काही आठवडे वाढतात, मग थकतात. इथल्या थकत नाहीत. कशा काय, ते बाहेर अजून कुणालाच कळलेलं नाही.

पोस्ट अर्थातच पोस्टडॉक. मावशीला समजावताना दादा म्हणाला होता, अगं मावशी, लग्न ठरलंय पण तारीख नाही, तसं हे. डॉक्टर झालीय, पण नोकरी अजून ‘बघू’. माझं कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचं आहे. पुढे? बघू!

दिवसभर फॉर्म भरले. आयकार्ड, लायब्ररी, हॉस्टेलची खोली, सेफ्टी. बारा-तेरा तरी असतील. वाचत कोण बसतंय, सह्या ठोकल्या. सेफ्टीच्या खोलीत केमिकलची ॲलर्जी आहे का ते बघायला दंडातून पेन्सिलच्या टोकाएवढा कातडीचा तुकडा काढला. मुंगी चावल्याएवढंच दुखलं.

माझं टेबल खिडकीशी! दोन पिपेट, एक स्टूल, आणि लॅबकोट, ज्याच्या खिशावरचं नाव उसवून काढलंय. लॅबचे टेक्निशियन काका इथे बावीस वर्षं आहेत. मला बघून म्हणाले, या, बारा नंबर.

५ फेब्रुवारी, बुधवार

काका सगळ्यांना नंबरानेच हाक मारतात. मला वाटलं टेबलाचा नंबर. आज मोजली, तर टेबलं पाचच आहेत.

शेजारच्या टेबलावर दहा नंबर बसतो. इतका उंच की फ्रीजमध्ये बघायला त्याला अर्ध्यात वाकावं लागतं, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नाव जिराफ ठेवलंय. चार वर्षं झाली त्याला, सहा-सहा महिन्यांच्या आठ कॉन्ट्रॅक्टवर. कसं वाटतं विचारलं तर म्हणाला, चाळीत राहतो बघ, आज खाली करा म्हणतील की उद्या. जर्नलमध्ये पेपर आला की जाणार म्हणे. गेल्या वर्षीही पेपर आला की जाणारच होता.

माझ्या ड्रॉवरमध्ये आधीच्या मुलीचं सामान पडलंय. कडा उडालेला मग, केसांचा चिमटा आणि चष्मा. चांगला जाड नंबर आहे. मी लावून बघितला तर भिंत आत वाकल्यासारखी दिसली.

एवढा नंबर असलेली मुलगी चष्मा विसरून कशी जाईल?

१६ फेब्रुवारी, रविवार

घरी फोन केला. आईने जेवणाचं विचारलं, बाबांनी पर्मनंट कधी होणार ते विचारलं, सुट्टीला घरी आलेल्या दादाने बाबांना सांगितलं की अहो, आधी तिला टेम्पररी तरी होऊ द्या.

मॅडमबद्दल त्यांना भरभरून सांगितलं. मॅडम साठीच्या आहेत, आवाज इतका मऊ की रागावल्या तरी अंगावर शाल घातल्यासारखं वाटेल. शुक्रवारी केबिनमध्ये बोलावलं. आधीच्या मुलीचं काम अर्ध्यावर राहिलंय, ते मी पूर्ण करायचं. पेपर मोठ्या जर्नलमध्ये जाईल, पहिलं नाव माझं. आमच्या धंद्यात पहिलं नाव म्हणजे सगळं. त्यावर पर्मनंट नोकरी मिळते, ते नसेल तर दारातूनच परत. मॅडमनी पाठीवर हात ठेवून सांगितलं की या लॅबमधून कोणी वाया जात नाही.

आधीची मुलगी, म्हणजे अकरा नंबर, कुठे गेली ते सहज विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या ब्रेकवर आहे. काका म्हणाले गावी गेली. जिराफ म्हणाला, पहिल्या महिन्यात एवढे प्रश्न विचारायचे नसतात गं, खाल्लेलं अंगाला लागत नाही.

तीन माणसं, तीन उत्तरं. तिघांनीही बोलताना एकदा त्या कोपऱ्याकडे बघितलं, जिथे पेशी गोठवून ठेवायची नायट्रोजनची टाकी आहे. माझ्या छातीएवढी उंच, झाकणाला कुलूप.

३ मार्च, सोमवार

मला माझा फ्लास्क मिळाला!!

हातात मावेल एवढी चपटी पारदर्शक बाटली, तळाला पेशी चिकटलेल्या, वर गुलाबी मीडियम, म्हणजे त्यांचं जेवण. लेबलवर फक्त १२. कुणाच्या पेशी आहेत विचारलं, तर मॅडम म्हणाल्या एका निनावी दात्याच्या. मायक्रोस्कोपखाली बघितल्या आणि खरं सांगते, प्रेमातच पडले. लांब, निमुळत्या, एका दिशेला वळलेल्या.

एक दिवसाआड जेवण बदलायचं. आठवड्यातून एकदा बाटली भरली की पेशी तळापासून सोडवायच्या, अर्ध्या ठेवायच्या, अर्ध्या ब्लीचमध्ये. सगळ्याच लॅबमध्ये करतात तसं. काका म्हणाले तुमच्या हाताला गुण आहे, फार लवकर वाढतायत.

३० मार्च, रविवार

आज विचित्र झालं. काल जेवण बदलायला विसरले होते. सकाळी उठले तर पोटात खड्डा. हॉस्टेलच्या मेसमध्ये दोनदा वाढून घेतलं, वाढणाऱ्या बाईने वर बघितलं, तरी भूक जाईना. डोळे पिवळट दिसले आरशात. दुपारी लॅबमध्ये गेले. फ्लास्कमधलं मीडियम गुलाबीचं पिवळं झालेलं, म्हणजे पेशी उपाशी. घाईघाईने बदललं.

आणि तिथल्या तिथे पोट भरलं. ढेकर आली.

योगायोग. लिहून ठेवते फक्त.

(मॅडमना सांगितलं नाही. रविवारीही पेशी उपाशी ठेवायच्या नसतात, हे काय नव्याने शिकायचंय मला?)

२२ एप्रिल, मंगळवार

दुसऱ्या एका संस्थेचा इंटरव्ह्यू झाला, ऑनलाइन. तिघं होते. सगळं छान चाललं होतं, मग एकाने विचारलं पहिल्या नावाचा मोठा पेपर कुठाय. म्हटलं येतोय. तो हसला. ‘येतोय’वाले आज सकाळपासून चार झाले म्हणे. शिवाय मॅडमचं पत्र लागेल. मॅडमना कुठल्या तोंडाने मागू की मला इथून जायला पत्र द्या?

वजन सात किलो उतरलंय. आई व्हिडिओवर बघून म्हणाली चिपाड झालीस. मी सोमवारी पेशी अर्ध्या करते आणि मंगळवारी पॅन्ट सैल होते. हे मी नुसतं लिहितेय, मानत नाहीये.

आणि दाराचं मशीन माझं बोट ओळखत नाही. पुन्हा प्रयत्न करा, पुन्हा प्रयत्न करा. वॉचमन मामांनी माझं बोट उजेडात धरून बघितलं आणि म्हणाले, ताई, रेघाच पुसल्यात की. भांडी घासता का काय?

दंडावरची जखम अजून भरलेली नाही.

१२ मे, सोमवार

पेपर जर्नलकडे गेलाय. तपासणाऱ्याने एकच शंका काढली: पेशी ज्या म्हणता त्याच आहेत कशावरून, डीएनए जुळवून दाखवा. मॅडम परिषदेला गेल्यात. म्हटलं आपणच करून टाकू, आल्यावर खूश होतील. एक नमुना फ्लास्कचा. तुलनेला दुसऱ्या कुणाचा तरी हवा, म्हणून स्वतःच्या गालाच्या आतून कापूस फिरवून घेतला. सगळे असंच करतात, फुकटचा नमुना.

रिझल्ट आला. सोळाच्या सोळा जागा जुळल्या.

माझीच चूक असणार. माझी थुंकी कुठेतरी उडाली.

१५ मे, गुरुवार

तीनदा केलं. मास्क लावून, दोन ग्लव्ह्ज घालून, नवीन बाटल्या फोडून. तीनदा सोळाच्या सोळा.

निनावी दाता मीच आहे.

पहिल्या दिवशीचे फॉर्म ऑफिसातून मागवून वाचले. नवव्यात बारीक अक्षरात आहे: मी आणि माझ्यापासून निघालेलं सर्व साहित्य संस्थेचं राहील. खाली माझी सही. किती ऐटीत केलीय, शेवटी शेपूटसुद्धा काढलंय.

जिराफला डबा खाताना हळूच सांगितलं. वाटलं हसेल. त्याने हातातला घास खाली ठेवला. म्हणाला दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. मी जवळजवळ ओरडलेच, की मग इथे काय करतोयस? तो म्हणाला, कुठे जाऊ? पेशी इथे, त्यांचं जेवण मॅडमच्या कपाटात, किल्ली मॅडमच्या गळ्यात. आणि पेपर तर येतच आलाय.

शेवटचं वाक्य तो इतक्या सहज बोलला की मला त्याची भीती वाटली. मग लक्षात आलं, माझ्याही मनात तेच आलं होतं.

१९ मे, सोमवार

आज अर्ध्या फेकल्या नाहीत. सगळ्या ठेवल्या. एकाचे दोन फ्लास्क. काका कुरकुरले, इनक्युबेटरमध्ये जागा नाही, बारा नंबर, पसारा करू नका.

मला पसारा म्हणाले.

२ जून, सोमवार

जिराफच्या फ्लास्कमध्ये बुरशी. कापसासारखा पांढरा पुंजका. तो सकाळपासून खोकत होता. मॅडमनी बाटली उजेडात धरली, हळहळल्या, आणि काकांना सांगितलं की बाकीच्यांना लागायच्या आत—

नियमच आहे तो. बुरशी लागली की ब्लीच. मीसुद्धा शंभर वेळा केलंय.

काकांनी ओतलं. अकरा वाजून दहा मिनिटं. जिराफ तेव्हा कॉफी आणायला गेला होता.

३ जून, मंगळवार

त्याची खुर्ची रिकामी. कॉफीचा कप कॉरिडॉरमध्ये, खिडकीत. भरलेला.

मॅडम मीटिंगमध्ये म्हणाल्या, दहा नंबरने फील्ड सोडली. सगळ्यांनी माना हलवल्या. हल्ली बरीच मुलं सोडतात.

त्याचा लॅबकोट काकांनी धुवायला टाकला. खिशावरचं नाव उसवत बसले होते, दुपारभर, चष्मा नाकावर घेऊन.

२२ जून, रविवार

पळाले. म्हणजे प्रयत्न केला. एक फ्लास्क कोमट पाण्याच्या थर्मासमध्ये घालून, जॅकेटच्या आत पोटाशी धरून. दादाच्या शहराची बस. त्याला व्हिडिओ कॉल केला, येतेय म्हटलं. तो म्हणाला ये की, पण गर्भार बाईसारखं पोट काय धरून बसलीयस?

तिसऱ्या तासाला मीडियम पिवळं. मग ताप. मग बसमधली बाई विचारतेय की मुली, कुठे उतरायचंय तुला, आणि मला तोंडच उघडता येईना.

उतरले. परत. मॅडम स्वतः दारात. रागावल्या नाहीत. माझ्या हातातून थर्मास घेतला, नवं मीडियम घातलं, मला खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, वेडाबाई, पेपर दोन आठवड्यांवर आलाय आणि आता जातेस?

मी रडले. आणि म्हटलं, सॉरी मॅडम.

सॉरी म्हटलं मी.

९ जुलै, बुधवार

मॅडमना एक जुनं प्रोजेक्ट परत मिळालं. फंडिंग आलं. काकांनी टाकीचं कुलूप काढलं, धुरातून एक छोटी कुपी उचलली, गरम पाण्यात हलवली. लेबल ११.

दुपारी तीन वाजता कॉरिडॉरमधून एक मुलगी आली. केस ओले. भिंतीला हात लावत, डोळे बारीक करून. सरळ माझ्या टेबलाशी. विचारलं, ड्रॉवरमध्ये चष्मा आहे का गं माझा?

दिला. तिचा हात बर्फ.

तिने महिना विचारला. मग वर्ष. मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि सोडून दिलं. आईला फोन लावला, नंबर बंद होता.

मी विचारलं, गोठताना दुखतं का. ती म्हणाली दुखत नाही, फक्त हळू करायला सांग. एका मिनिटाला एक डिग्री. त्यासाठी तो निळा डबा असतो, कुप्या आधी त्यात ठेवतात, म्हणजे थंडी हळूहळू चढते. घाई केली तर आत बर्फाच्या काचा होतात.

तिने डावा हात दाखवला. दोन बोटं नाहीत. माझ्या वेळी थोडी घाई झाली, म्हणाली.

आणि मग विचारलं, माझा पेपर आला का?

२८ जुलै, सोमवार

पेपर आला.

छापायच्या आधीची प्रत, मॅडमच्या टेबलावर. नावांची यादी तीनदा वाचली. मॅडम. मॅडमचे मित्र. मी कधी न पाहिलेली दोन माणसं.

मी नाही.

मग सापडले. पान चार. ‘साहित्य’ या मथळ्याखाली. ब्लीच, पिपेट, मीडियम आणि: पेशी क्रमांक १२, स्त्री, वय एकोणतीस, निरोगी.

मॅडमना विचारलं. त्यांना खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. म्हणाल्या, अगं, लेखकांना लोक विसरतात. तुझ्या पेशी मात्र पन्नास लॅब मागतील.

कॉन्ट्रॅक्ट शुक्रवारी संपतंय. पुढचे पैसे नाहीत. तोपर्यंत टाकीत, प्रोजेक्ट आलं की बाहेर काढू म्हणाल्या.

कधी?

बघू.

३१ जुलै, गुरुवार

आईला फोन केला. थोडे दिवस रेंज नसेल म्हटलं. ती म्हणाली मराठी लिहितेस ना? म्हटलं हो. म्हणाली, मग वाचायला आण.

काकांना हात जोडून सांगितलं: निळा डबा. विसरू नका. काका म्हणाले, बावीस वर्षं हेच करतोय, बारा नंबर. पण उद्या त्यांची सुट्टी आहे. दुसरं कोणीतरी करेल.

कोण?

१ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळ. ऊन आहे.

नवीन मुलगी आली. तेरा. दंडावर पट्टी. किती हसते. आल्या आल्या विचारतेय मी काय मदत करू, मी काय मदत करू. मॅडम म्हणाल्या, छान, मग सुरुवात यानेच कर.

तिने माझे फ्लास्क काढले. पेशी तळापासून सोडवतेय— पाय जमिनीला लागत नाहीयेत. खुर्ची घट्ट धरलीय.

आता मशीनमध्ये फिरवतेय. सगळं गरगर— अक्षर वाकडं येतंय आई, सॉरी—

थांबलं. कुप्या भरल्या. सहा. लेबलं तिने स्वतःच्या हाताने लिहिली, गोल अक्षर. इंग्लिश मीडियम.

आवाज निघत नाहीये. हाक मारतेय, ती वळून हसली नुसती. अकरा तिकडे, कानात हेडफोन, पाठ माझ्याकडे—

टाकीचं झाकण उघडलं. धूर. ती कुप्या घेऊन निघालीय, तरातरा, पहिल्या दिवशी मी चालायचे तशी—

तिला कोणी सांगितलं नाही. डबा. ती डबा न घेताच— निळा डबा इथेच आहे, माझ्या टेबलावर, माझ्या हाताशी, मी ढकलते खाली, आवाज झाला तर ती—

बोटं उच